गोळी जिभेखाली, सिगारेट ओठांत

माझा आत्येभाऊ दर सोमवारी सकाळच्या एसटीने व्यसनमुक्तीच्या उपचार केंद्रात जातो, आठवड्याच्या गोळ्या घेतो आणि दुपारी परतताना कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या औषधाच्या दुकानासमोर थांबून हात करतो. तीन वर्षांत हा नेम चुकलेला नाही. त्याआधीची चार वर्षं हाच पोरगा नशेसाठी ट्रॅमाडोलच्या, म्हणजे दुखण्यावरच्या गोळ्यांच्या, पट्ट्या शोधत शहरभर फिरायचा. माझ्या दुकानात दोनदा खोटी चिठ्ठी घेऊन आला होता आणि दुसऱ्या वेळी मी त्याला चारचौघांत पायरीवरून हाकललं होतं. म्हणून तो हात करतो तेव्हा माझा सगळा दिवस चांगला जातो. पण त्याच्या दुसऱ्या हातात सिगारेट असते. ट्रॅमाडोलच्या दिवसांत तो सहा-सात ओढायचा. आता दहाची दोन पाकिटं संपतात.

आत्याला मी हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मी म्हणतो, गोळ्या सुटल्या न्हवं? मग सिगरेटीचं काय घेऊन बसलीयंस अक्का? कायतरी आधार लागतोय की गड्याला." तिच्यावर मी रागावू शकत नाही. चार वर्षं रात्री दाराची कडी न लावता ती पोराची वाट बघत बसली आहे, अंबाबाईला किती नवस बोलली त्याची गणती नाही. केंद्रातल्या समुपदेशकांनीही मला हेच सांगितलं, फक्त जरा सफाईदार भाषेत: आधी मोठं व्यसन सुटू दे, छोट्याचं नंतर बघू.

मला या दोघांचंही म्हणणं पटत नाही. त्याची सिगारेट सहज म्हणून वाढलेली नाही. ज्या औषधाने तो वाचला त्याच जातीच्या औषधांनी सिगारेटची ओढ वाढते, हे चाळीस वर्षांपासून ठाऊक आहे. असं असताना औषध सुरू करणाऱ्याने तंबाखूवरचा इलाजही त्याच दिवशी, त्याच टेबलावर सुरू करायला हवा. आणि हे करताना ती गोळी कमी करायची नाही, थांबवायची तर मुळीच नाही.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम आधीच लिहून ठेवते आहे. आपल्याकडे या गोळीबद्दल जरा काही उणं बोललं की लोक लगेच म्हणतात, बघा, नशेवर नशाच देतात, बंद करा. दुकानात बसून हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. म्हणून आधी गोळीची बाजू नीट मांडते.

गोळीचं नाव ब्युप्रेनॉर्फिन. अफू, ब्राऊन शुगर, मॉर्फिन, खोकल्याच्या औषधातलं कोडीन, ट्रॅमाडोल हे सगळं एकाच कुळातलं. मेंदूतल्या एकाच कुलपाला लागणाऱ्या या किल्ल्या आहेत. ब्युप्रेनॉर्फिनही त्याच कुलपात बसतं, इतरांपेक्षा घट्ट बसतं, पण कुलूप अर्धंच उघडतं. त्यामुळे माणसाला तार लागत नाही, अंग मोडून येत नाही, जुलाब-उलट्या होत नाहीत, आणि वरून कुणी ब्राऊन शुगर घेतलीच तर तिला शिरायला जागा उरत नाही. असर एक दिवसाहून जास्त टिकतो. गिळली तर बहुतेक औषध यकृतातच संपतं, म्हणून ती जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची, पाच-दहा मिनिटं तोंड बंद. गोळी कुटून सुईने घेण्याचा मोह होऊ नये म्हणून तिच्यात बरेचदा नॅलोक्सोन, म्हणजे सुईने घेतल्यास नशेचा असर रोखणारं औषध, मिसळलेलं असतं. याच कामाचं दुसरं औषध मेथाडोन. ते पातळ औषध म्हणून पाजतात आणि ते कुलूप पूर्ण उघडतं. आपल्या देशात मेथाडोनचा वापर २०१२ पासून, तोही मोजक्या केंद्रांत सुरू झाला. ब्युप्रेनॉर्फिन मात्र त्याआधीपासून आहे. सुईने नशा करणाऱ्यांत एचआयव्ही पसरू नये म्हणून राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने २००७-०८ पासून ते आपल्या कार्यक्रमात घेतलं. व्यसनमुक्तीसाठी वापरतात ती गोळी माझ्या दुकानात विकायला नाही. ती केंद्रातच मिळते, आणि ते बरोबरच आहे.

ही गोळी किती उपयोगी आहे? वेगवेगळ्या देशांतल्या हजारो रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०१७ साली हिशेब मांडला गेला. ब्युप्रेनॉर्फिन चालू असताना वर्षाला दर हजारी चारच्या आसपास माणसं दगावली, उपचार सुटल्यावर नऊ-दहा. मेथाडोनच्या बाबतीत फरक त्याहून मोठा निघाला. इतका फरक पाडणारी औषधं माझ्या कपाटात फार नाहीत.

भाऊ या वाटेला कसा लागला तेही सांगते, कारण ती वाट कोल्हापूरच्या पोरांना अनोळखी नाही. तो पैलवान होता. फार मोठा नव्हे, पण गावच्या जत्रेतल्या मैदानात त्याच्या कुस्तीला लोक थांबायचे. खासबागच्या मैदानात लढायचं हे त्याचं स्वप्न होतं. गुडघ्याची गादी फाटली. शस्त्रक्रिया झाली, पण मातीत परत उतरायची घाई नडली. दुखणं दाबायला कुणीतरी ट्रॅमाडोल दिलं. आधी दिवसाला दोन, मग चार, मग तालमीबाहेरच्या ओळखीतून पट्टीच्या पट्टी. २०१८ च्या एप्रिलमध्ये ट्रॅमाडोल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. त्याआधीही ते नोंदवही ठेवूनच विकायचं होतं, पण ती वही सगळीकडे कशी भरली जायची हे आम्ही औषधवाले जाणतो. माझ्या धंद्याचा हा दोष आहे आणि तो मी लपवणार नाही.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या व्यसनांचा अहवाल काढला. अफूच्या कुळातलं काही ना काही घेणारे सव्वादोन कोटींहून जास्त, आणि त्यातल्या सुमारे ७७ लाखांना उपचाराची गरज. या ७७ लाखांतले निम्म्याहून जास्त ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्र आहे. ब्राऊन शुगर आणि हेरॉइन घेणाऱ्यांच्या खालोखाल नंबर लागतो तो औषधाच्या गोळ्या-बाटल्या घेणाऱ्यांचा. खरी अफू खाणारे तिसऱ्या क्रमांकावर. म्हणजे माझ्या भावासारखे, दुखण्याच्या गोळीपासून सुरू झालेले, पुष्कळ आहेत.

आता सिगारेटकडे येते.

१९८४ साली अमेरिकेत मेथाडोनवर असलेल्या रुग्णांना वेगवेगळे डोस देऊन ते किती सिगारेटी ओढतात हे बसून मोजलं गेलं. डोस जसा चढता, तशा सिगारेटी चढत्या. पुढच्याच वर्षी हेरॉइनच्या रुग्णांवर ब्युप्रेनॉर्फिनचा असाच अभ्यास झाला. निव्वळ दिखाऊ, औषध नसलेली मात्रा मिळालेल्या लोकांच्या तुलनेत ब्युप्रेनॉर्फिन मिळालेल्यांनी जास्त सिगारेटी ओढल्या. २००२ मध्ये पुन्हा तेच दिसलं. हेरॉइन स्वतःसुद्धा हेच करतं, हे त्याच्याही आधी नोंदलं गेलं होतं. म्हणजे दोष एका औषधाच्या माथी मारण्यासारखा नाही. त्या कुलपाचा आणि तंबाखूतल्या निकोटिनचा जुना घरोबा आहे. हेरॉइनचा माणूस आधीच जास्त ओढत असतो. औषधावर आला तरी कुलपाचा एक खटका दाबलेलाच राहतो, त्यामुळे ती ओढ आपसूक उतरत नाही. माझ्या भावाची तर चढली.

हा घरोबा असा. निकोटिन मेंदूत गेलं की शरीर स्वतःची अफूसारखी द्रव्यं सोडतं. आपल्या सगळ्यांच्या मेंदूत ती असतात, दुखणं आणि ताण हलका करायला. उलट बाजूने, अफूच्या कुळातलं औषध आणि निकोटिन दोन्ही सुखाची जाणीव करून देणाऱ्या एकाच वाटेवर जाऊन मिळतात. एक चालू असताना दुसऱ्याची चव वाढते. त्यात ही औषधं थोडी सुस्ती आणतात आणि सिगारेट ती सुस्ती झटकते. भाऊ मला म्हणाला होता, "अक्का, गोळी घेतली की अर्ध्या तासात तोंड मागतंय बघ." तेव्हा मला वाटलं, सवय असेल, चहानंतर ओढावीशी वाटते तसं. सवय असेलच. पण तिच्याखाली शरीराचं एक यंत्र चालू आहे, आणि ते यंत्र त्याला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. तो तीन वर्षं स्वतःला दुबळा समजत होता. एवढं मोठं सोडलं आणि हे एवढंसं सुटत नाही, म्हणून.

नाल्ट्रेक्सोन नावाचं तिसरं औषध त्याच कुलपात बसून ते बंदच करून टाकतं. ते घेतलं की सिगारेटही सुटेल, अशी आशा काही वर्षं होती. बऱ्याच चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर तसं काही निघालं नाही. त्यामुळे औषध बदलून हा प्रश्न सुटेल, असं समजायला नको.

पश्चिमेकडच्या मेथाडोन केंद्रांत दहातले आठ-नऊ रुग्ण सिगारेट ओढतात. आणि हे रुग्ण मरतात कशाने? मिनेसोटातल्या मेयो क्लिनिकमध्ये १९७२ ते १९८३ या काळात व्यसनमुक्तीचा उपचार घेतलेल्या ८४५ जणांचा पुढे माग काढला गेला. त्यांतले बहुतेक दारूचे रुग्ण होते. १९९६ मध्ये निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या मृत्यूचं कारण कळलं त्यांतल्या निम्म्याहून जास्त लोकांचा जीव तंबाखूशी जोडलेल्या आजारांनी गेला होता. दारूशी जोडलेल्या आजारांनी एक तृतीयांश. ज्या व्यसनासाठी दाखल केलं त्याच्यापेक्षा, ज्याच्याकडे कुणी बघितलं नाही त्याने जास्त माणसं नेली. कॅलिफोर्नियात अफूच्या कुळातल्या नशेच्या रुग्णांना २४ वर्षं पाहिलं गेलं. तिथे सिगारेट ओढणाऱ्यांचा मृत्युदर न ओढणाऱ्यांच्या सुमारे चौपट निघाला. समुपदेशकांच्या तोंडचं "छोटं व्यसन" हे आहे.

यात श्वासाचा एक वेगळा धोका आहे, तो औषधवाली म्हणून मला जास्त टोचतो. अफूच्या कुळातली सगळी औषधं श्वास मंदावतात. ब्युप्रेनॉर्फिनला त्यात एक मर्यादा आहे, मेथाडोनला तशी नाही. वीस वर्षं धूर भरलेली फुप्फुसं, रात्री दबलेला श्वास, वर एखादी झोपेची गोळी. असा माणूस माझ्यासमोर खोकल्याचं औषध मागायला येतो तेव्हा मी बाटली देण्याआधी चार प्रश्न विचारते. पण मुळात हे प्रश्न त्याला केंद्रात विचारले गेलेले असायला हवेत.

आपल्या जिल्ह्यासाठी एक गोष्ट वेगळी मांडावी लागते. ते सगळे अभ्यास सिगारेटचे. आपल्याकडे तंबाखू ओढण्यापेक्षा खाल्ली जाते. २०१६-१७ च्या प्रौढांच्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात विडी-सिगारेट ओढणारे ३.८ टक्के निघाले आणि तंबाखू खाणारे, लावणारे, चघळणारे २४.४ टक्के. तळहातावर चुना टाकून मळलेली चिमूट, पानपट्टीवर घोटून मिळणारा मावा, गुटखा (त्याची बंदी २०१२ पासून कागदावर आहे), आणि घराघरातल्या बायकांची मिसरी. आत्यासुद्धा रोज सकाळी मिसरी लावते, चाळीस वर्षं. तंबाखू इथे परकी नाही. कागल ओलांडलं की निपाणी. तिथे १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या मागे शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर रस्ता अडवून धरला होता. कितीतरी घरांतल्या बाया विड्या वळून संसार चालवत आल्या आहेत. ज्या मातीत तंबाखू पोट भरते तिथे तिला व्यसन म्हणायला जीभ लवकर वळत नाही, हे मी समजते. पण चिमटीतलं निकोटिन आणि धुरातलं निकोटिन एकच आहे. म्हणून केंद्रात नुसतं "सिगारेट ओढता का?" असं विचारून भागत नाही. पोरगा खरं सांगतो, "नाही." आणि ओठाखाली चिमूट असते.

त्या ओठाखालच्या चिमटीचा गोळीशी थेट संबंध आहे. ब्युप्रेनॉर्फिन तोंडातल्या नाजूक त्वचेतूनच रक्तात जातं. तोंड ओलं आणि स्वच्छ हवं. केंद्रातले चांगले लोक गोळीआधी पाण्याची चूळ भरायला लावतात ते उगाच नव्हे. चुन्याने भाजलेलं, तंबाखूने भरलेलं, थुंकायची घाई झालेलं तोंड गोळीला पुरती दहा मिनिटं देत नाही. औषध लाळेबरोबर पोटात जातं आणि वाया जातं, मग रात्री अंग दुखतं, मग वाटतं डोस कमी पडतोय. शिवाय जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी एक इशारा दिला, की तोंडात विरघळणाऱ्या ब्युप्रेनॉर्फिनने दात किडण्याच्या, हिरड्या बिघडण्याच्या तक्रारी येत आहेत. गोळी पूर्ण विरघळल्यावर पाण्याने तोंड खळखळून ते पाणी गिळावं आणि ब्रश करायला तासभर थांबावं, असा सल्ला त्यात आहे. गोळी हवीच, पण तोंड आधीच मावा आणि मिसरीने पोखरलेलं असेल तर दातांचं काय होईल हे सांगायला दंतवैद्य लागत नाही.

मग उपचार करणारे गप्प का बसतात? मला तीन-चार ठिकाणचा अनुभव आहे, नावं घेत नाही. एका व्यसनमुक्ती केंद्रात दिवसाला ठरावीक विड्या मिळायच्या, नीट वागलं तर एक जास्त. नाव "कोटा". दुसरीकडे समुपदेशक आणि रुग्ण एकाच कट्ट्यावर बसून ओढत होते, आणि त्याचं समर्थन असं, की त्यातून जवळीक वाढते. यात वाईट हेतू नाही. दाखल झालेला माणूस तडफडत असतो, भिंतीवर डोकं आपटायच्या बेतात असतो, विडी दिली की दहा मिनिटं शांत होतो. मी तिथे असते तर मीही कदाचित दिली असती. पण ती विडी मग औषधासारखी केसपेपरबाहेर चालू राहते, वर्षानुवर्षं, आणि तिची कुणी नोंद ठेवत नाही.

त्यांचं सगळ्यात वजनदार म्हणणं असं: दोन्ही एकदम सोडायला लावलं तर माणूस मोडेल, पळेल, आणि बाहेर पडला की पुन्हा ब्राऊन शुगर. ही भीती मला खरी वाटते. एखाद्या केंद्राने उद्या फर्मान काढलं, की सिगारेट सापडली तर गोळी बंद, तर मी त्या केंद्राच्या दारात जाऊन भांडेन. सिगारेट माणसाला वीस-तीस वर्षांत मारते, गोळी सुटल्यावर सुई त्याला आठवड्यात मारू शकते. गोळी सुटल्यानंतरचे पहिले दिवस तर फारच धोक्याचे, कारण शरीराची सहनशक्ती उतरलेली असते आणि माणूस जुनाच डोस घेतो. म्हणून सक्ती नको, शिक्षा नको, आणि गोळीला अट लावणं तर नकोच.

पण सक्ती नको म्हणजे विषयच नको, असं कसं? तंबाखूचा इलाज दिल्याने दुसरा इलाज बिघडतो का, हे तपासून झालेलं आहे. व्यसनाचे उपचार घेणाऱ्यांना सोबत तंबाखू सोडायला मदत केली अशा १९ चाचण्यांचा हिशेब २००४ मध्ये एकत्र मांडला गेला. मदत मिळालेल्यांची दारू आणि इतर नशेपासून लांब राहण्याची शक्यता कमी झाली नाही, उलट सुमारे २५ टक्क्यांनी वाढली. मला यात नवल वाटत नाही. ज्या कट्ट्यावर सिगारेट ओढली जाते त्याच कट्ट्यावर जुने मित्र भेटतात. ज्या पानपट्टीवर मावा घोटला जातो तिथेच गोळ्यांची चौकशी होते. भावाला पहिली पट्टी एका टपरीमागेच मिळाली होती.

खोटी आशाही दाखवायची नाही. या रुग्णांची तंबाखू सुटणं इतरांपेक्षा अवघड आहे, आणि का अवघड आहे ते वर लिहिलंच. २०१४ साली न्यूयॉर्कमधल्या मेथाडोन रुग्णांना वॅरेनिक्लिन देऊन पाहिलं गेलं. तंबाखू सोडवणारं हे चांगलं औषध मानलं जातं. बारा आठवड्यांनंतर दहा टक्क्यांच्या आसपास लोक सिगारेटशिवाय होते. औषध नसलेली गोळी मिळालेल्यांत एकही नव्हता. दहा टक्के ऐकायला कमी वाटतात. पण एकही नाही, याचा अर्थ काय होतो ते बघा. औषधाशिवाय, नुसत्या बोलण्यावर, या माणसांतला कुणीच सुटला नाही. आपण आपल्या पोरांना देतो ते तेवढंच असतं. मनावर घे.

म्हणून मदत जास्त हवी, जास्त काळ हवी, आणि गोळी मिळते तिथेच हवी. भाऊ आधीच आठवड्यातला अर्धा दिवस एसटीत घालवतो. त्याला "तंबाखूसाठी वेगळ्या विभागात, वेगळ्या वारी या" म्हटलं तर तो जाणार नाही, आणि मी त्याला दोष देणार नाही. सरकारनेच एका माणसाचे दोन तुकडे करून ठेवले आहेत. अमली पदार्थांच्या व्यसनाची मदतवाणी १४४४६, ती सामाजिक न्याय मंत्रालयाची. तंबाखू सोडण्याची १८००-११-२३५६, ती आरोग्य मंत्रालयाची. कायदे वेगळे, कार्यक्रम वेगळे, फलक वेगळे. पण २०२२ च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत ब्युप्रेनॉर्फिन आणि तंबाखू सोडताना तिच्याऐवजी घ्यायचे निकोटिनचे पर्याय शेजारी शेजारी, व्यसनाच्या एकाच भागात आहेत. यादी करणाऱ्यांना जे दिसलं ते खिडकीवर औषध देणाऱ्याला दिसायला हरकत नाही. गोळीच्या पाकिटासोबत निकोटिनचं च्युइंगम दिलं, तर त्यासाठी नवी इमारत लागत नाही आणि नवा कायदाही लागत नाही.

च्युइंगमबद्दल थोडं सांगते, कारण माझ्याकडून नेणारे दहातले आठ जण ते चुकीचं खातात. साध्या च्युइंगमसारखं सलग चघळायचं नसतं. चार-पाच वेळा चावायचं, तिखट चव आली की गालाशी ठेवून द्यायचं, चव गेली की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. चहा-कॉफीवर लगेच घेतलं तर लागू पडत नाही. सलग चावलं तर निकोटिन पोटात जातं, उचकी लागते, मळमळतं आणि माणूस म्हणतो, हे काही खरं नाही. हे समजवायला तीन मिनिटं लागतात. ब्युप्रेनॉर्फिनवाल्याला आणखी एक सांगायचं: गोळी पूर्ण विरघळेपर्यंत तोंडात दुसरं काही नको, च्युइंगमसुद्धा नको.

डॉक्टरांकडून माझी एक छोटी अपेक्षा आहे. गोळीचा डोस वाढवाल त्या दिवशी विचारा, सिगारेट किती झाल्या, मावा किती पुड्या. वाढल्या असतील तर रुग्णाला सांगा, की हे होणार होतं, तू दुबळा नाहीस. एवढ्या एका वाक्याने माझ्या भावाची मान सरळ झालेली मी पाहिली आहे. मीच त्याला ते अभ्यास मराठीत सांगितले, दुकान बंद झाल्यावर, शटर अर्धं खाली ओढून. बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हंजे ह्यो माझा आळस न्हाई तर."

त्यानंतर त्याने गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांवर रोजचा आकडा लिहायला सुरुवात केली. वीस, वीस, एकोणीस, बावीस. गोळी घेतल्यानंतरचा पहिला तास त्याने च्युइंगमवर काढायचा ठरवला आहे, बाकीचा दिवस सध्या तसाच. गेल्या आठवड्याचा आकडा पंधराच्या आसपास आला. आत्याला यातलं फारसं काही सांगितलेलं नाही. पण तिने परवा विचारलं, "ते चघळायचं मिसरीवर बी चालतंय व्हय गं?" मी तिला दुकानात बोलावलं आहे.

येत्या सोमवारी मी दुकान पोरांवर सोपवून भावाबरोबर केंद्रात जाणार आहे. त्याच्या केसपेपरवर वजन, रक्तदाब, डोस यांच्या खाली तंबाखूचा एक छापील रकाना आहे. तीन वर्षं तो कोरा आहे. पाकिटांवरचे सगळे आकडे मी एका कागदावर उतरवून घेतले आहेत.